एझ्रा कॉर्नेल : एका सुताराने उभारलेले विद्यापीठ

ज्याने शाळेचे तोंड फारसे पाहिले नाही, त्याने विद्यापीठ काढले, असे कोणी सांगितले तर तुम्हाला ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचे एक लहान गाव आहे. त्या गावालगतच्या टेकडीवर आज जगप्रसिद्ध असलेले कॉर्नेल विद्यापीठ उभे आहे. ते ज्याच्या नावाने ओळखले जाते तो एझ्रा कॉर्नेल हा माणूस व्यवसायाने प्रथम सुतार, मग गिरणीचा कारागीर, मग नांगर विकणारा फिरता विक्रेता, मग तारयंत्राच्या धंद्यातील उद्योगपती आणि शेवटी आपल्या राज्याच्या विधिमंडळाचा सभासद होता. पदवी त्याच्याजवळ कोणतीच नव्हती.

थोर माणसांची चरित्रे आपण मुलांना सांगतो तेव्हा बहुधा त्यांचे यश तेवढे सांगतो. या माणसाच्या चरित्रात अपयशही भरपूर आहे आणि ते सांगितल्याशिवाय त्याच्या यशाचा अर्थ कळत नाही. म्हणून पालकांनी व विद्यार्थ्यांनी ही हकीकत सबंध वाचावी, अशी विनंती आहे.

चार एकर जंगल आणि एका हिवाळ्याची शाळा

एझ्राचा जन्म ११ जानेवारी १८०७ रोजी न्यूयॉर्क शहराजवळ झाला. वडील एलायजा हे कुंभारकाम करीत. घर क्वेकर पंथाचे, म्हणजे साध्या राहणीचे आणि कष्टाचे. अकरा भावंडांत एझ्रा सर्वांत थोरला. पुढे हे कुटुंब राज्याच्या आतील भागात डीरायटर या खेड्यात जाऊन राहिले. तेथे शेती, मातीची भांडी आणि लाकूडकाम यांवर घर चाले. घरात खाणारी तोंडे अनेक, त्यामुळे थोरल्या मुलाची गरज शाळेपेक्षा कामावर अधिक होती.

या मुलाला शाळेची ओढ होती. वडिलांनी शाळेत जाऊ द्यावे म्हणून त्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने एक सौदा केला. चार एकर जंगल तोडून, जमीन नांगरून त्यात मका पेरून द्यायचा आणि त्याच्या बदल्यात हिवाळ्यात शाळेत बसण्याची मोकळीक मिळवायची. दोघांनी ते काम पुरे केले. विद्यार्थी मित्रांनो, एका हिवाळ्याच्या शिक्षणासाठी चार एकरांतील झाडे तोडणारा हा मुलगा डोळ्यांपुढे आणा. पाटीपुस्तक हाती आयते येते तेव्हा त्याचे मोल ध्यानात येत नाही.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याने आपल्या कुटुंबासाठी दुमजली लाकडी घर स्वतः आखून बांधले. पुढे १८२८ साली, खांद्यावर थोडे सामान टाकून, तो पायी इथाकाला आला. तेथे सुतारकाम मिळाले. नंतर जेरमाया बीबी नावाच्या गिरणीमालकाने त्याला आपल्या पिठाच्या व प्लास्टरच्या गिरण्यांवर नेमले. गिरणीला पाणी पुरावे म्हणून त्याने कातळ फोडून बोगदा तयार केला. गावकऱ्यांना त्या वेळी समजले की या माणसाचे हात आणि डोके दोन्ही चालतात.

१८३१ साली त्याने मेरी ॲन वुड हिच्याशी विवाह केला. ती क्वेकर नव्हती, म्हणून पंथाने त्याला बाहेर काढले. चूक झाली असे कबूल केल्यास परत घेऊ, असेही सांगण्यात आले. त्याने नकार दिला. आपण निवडलेल्या पत्नीबद्दल खेद व्यक्त करणे त्याला खोटेपणाचे वाटले. पंथभेदाचा हा अनुभव तो आयुष्यभर विसरला नाही, हे पुढे आपल्याला दिसेल.

नांगर विकता विकता तारयंत्र

१८३७ च्या मंदीनंतर व्यापार खालावला आणि काही वर्षांत कॉर्नेलची गिरणीतली नोकरी गेली. वय पस्तिशीच्या आसपास, घरी बायकामुले, हातात पैसा नाही. त्याने एका सुधारलेल्या नांगराचे मेन आणि जॉर्जिया या दोन राज्यांपुरते विक्रीचे हक्क घेतले आणि तो गावोगाव, पुष्कळदा पायीच, हिंडू लागला. नांगर फारसे खपले नाहीत. परंतु या फिरतीत १८४३ साली मेनमध्ये त्याची एफ. ओ. जे. स्मिथ या गृहस्थाशी गाठ पडली आणि त्याचे नशीब पालटले.

त्या वर्षी सॅम्युअल मोर्स यांना तारयंत्राच्या प्रयोगासाठी अमेरिकन सरकारने ३०,००० डॉलर मंजूर केले होते. वॉशिंग्टन ते बाल्टिमोर अशी तार जमिनीखालून शिशाच्या नळीतून न्यायची होती आणि नळी पुरण्याचे कंत्राट स्मिथ यांनी घेतले होते. चर खणणे, नळी घालणे आणि पुन्हा माती ओढणे हे ठरलेल्या खर्चात बसेना. कॉर्नेलने एक विशेष नांगर तयार केला. तो जनावरांनी ओढला की चर पडे, नळी आत बसे आणि माती आपोआप मिटे.

काम सुरू झाले, काही मैल नळी पुरली गेली आणि मग उमगले की नळीतल्या तारांवरील आवरण निकामी आहे, वीज मध्येच जमिनीत जाते. काम थांबवणे भाग होते, पण वर्तमानपत्रांना अपयशाची बातमी लागली असती तर सगळ्या योजनेची अब्रू गेली असती. असे सांगतात की मोर्स यांनी आपली अडचण हळूच कानावर घालताच कॉर्नेलने नांगर मुद्दाम खडकावर नेऊन मोडला. यंत्र मोडले म्हणून काम थांबले, असे लोकांना वाटले आणि मोर्स यांना विचार करायला वेळ मिळाला.

यानंतर कॉर्नेलने जे केले ते विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. तो हिवाळा त्याने वॉशिंग्टनमध्ये ग्रंथालयात बसून काढला. वीज आणि चुंबक या विषयांवर मिळतील ती पुस्तके या छत्तीस वर्षांच्या सुताराने वाचून काढली. तार जमिनीखाली न घालता खांबांवरून न्यावी आणि खांबावर काचेच्या रोधकावर बसवावी, या मताला तो आला. अखेर तार खांबांवरूनच गेली आणि २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला जाहीर संदेश पोहोचला.

पुढची दहा-बारा वर्षे मात्र सुखाची गेली नाहीत. कॉर्नेलने अनेक राज्यांत तारेच्या मार्गांचे काम घेतले. मोबदल्यात रोख रकमेऐवजी तो पुष्कळदा कंपन्यांचे भाग घेई. त्या भागांना बाजारात किंमत नव्हती. तारा तुटत, कंपन्या एकमेकींशी भांडत, सावकार दारात उभे राहत. इथाकात मेरी ॲन मुलांना घेऊन ओढाताणीत संसार चालवीत होती. परंतु या यंत्रावरचा त्याचा विश्वास ढळला नाही. १८५६ साली प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन वेस्टर्न युनियन ही कंपनी स्थापन झाली आणि कॉर्नेल तिचा फार मोठा भागधारक ठरला. ज्या कागदांना कोणी विचारीत नव्हते त्यांनी त्याला पन्नाशीत श्रीमंत केले.

या पैशाचे काय करावे?

आलेल्या पैशातून त्याने १८५७ मध्ये इथाकाजवळच्या टेकडीवर सुमारे ३०० एकरांचे शेत घेतले, उत्तम जातीची गुरे पाळली. १८६२ मध्ये तो राज्याच्या कृषिसंस्थेचा अध्यक्ष झाला. लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षातर्फे तो १८६२ व १८६३ या वर्षी विधानसभेत आणि १८६४ ते १८६७ पर्यंत राज्याच्या सिनेटमध्ये होता. त्याला वक्तृत्व नव्हते. कमी बोलणारा, उंच, हाडाचा कठोर असा हा सभासद शेतीविषयक समितीचे काम पाही. इथाकाच्या नागरिकांसाठी त्याने स्वखर्चाने मोफत सार्वजनिक ग्रंथालय बांधले. ते १८६६ मध्ये उघडले.

याच ग्रंथालयाच्या विधेयकाच्या निमित्ताने त्याची ओळख अँड्र्यू डिक्सन व्हाइट या तरुण सिनेटरशी झाली. व्हाइट हे त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान, विद्यापीठात शिकलेले, युरोप पाहिलेले, इतिहासाचे प्राध्यापक. एक कारागीर, दुसरा पंडित. दोघांचा पहिला मोठा प्रसंग मतभेदाचाच होता.

तो मतभेद समजण्यासाठी एक कायदा माहीत हवा. व्हरमाँट राज्याचे जस्टिन मॉरिल हे मूळचे दुकानदार. त्यांचेही शालेय शिक्षण पंधराव्या वर्षी थांबले होते. काँग्रेसमध्ये गेल्यावर त्यांनी असा कायदा मांडला की प्रत्येक राज्याला त्याच्या प्रत्येक खासदारामागे ३०,००० एकर सरकारी जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शेती, यंत्रविद्या व इतर शास्त्रे शिकवणारी महाविद्यालये काढावी. १८५९ मध्ये अध्यक्ष ब्युकॅनन यांनी हे विधेयक फेटाळले. मॉरिल यांनी ते पुन्हा आणले आणि २ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन यांनी त्यावर सही केली. न्यूयॉर्क राज्याचे प्रतिनिधी सर्वांत जास्त, म्हणून त्याच्या वाट्याला सुमारे ९,९०,००० एकर जमीन आली.

या देणगीवर अनेक संस्थांचा डोळा होता. कॉर्नेलने सुचवले की जमीन दोन संस्थांत वाटावी, म्हणजे आपण ३ लाख डॉलर घालू. व्हाइट यांनी साफ विरोध केला. तुकडे केले तर सगळ्याच संस्था दुबळ्या राहतील, एकच भक्कम संस्था हवी, असे त्यांचे म्हणणे. श्रीमंत व ज्येष्ठ माणसाला तरुणाने भरसभेत असे अडवावे आणि त्या ज्येष्ठाने राग न धरता विचार करावा, ही गोष्ट दुर्मीळ आहे. कॉर्नेलने विचार केला, तरुणाचे म्हणणे मान्य केले आणि रक्कम वाढवून ५ लाख डॉलर देऊ केले. टेकडीवरचे आपले शेतही दिले. कुटुंबाला पुरून उरेल इतके पैसे माझ्याजवळ आहेत, त्यांचा राज्यासाठी सर्वांत चांगला उपयोग कोणता, असे त्याने व्हाइट यांना विचारले होते. व्हाइट यांचे उत्तर होते, उच्च शिक्षण. प्राथमिक शाळांचा भार सर्व समाज उचलू शकतो, परंतु विद्यापीठाला मोठा हात लागतो.

देणारा तयार असूनही घेणाऱ्यांनी सहजासहजी घेतले नाही. विधिमंडळात मते मिळवण्यासाठी दुसऱ्या एका महाविद्यालयाला २५,००० डॉलर द्यावेत, अशी अट त्याच्यावर लादली गेली. दान देण्याच्या परवानगीसाठी दंड भरण्यासारखाच हा प्रकार! त्याने तीही अट मानली. २७ एप्रिल १८६५ रोजी, लिंकन यांच्या हत्येनंतर दोनच आठवड्यांनी, विद्यापीठाच्या सनदेवर सही झाली.

कोणीही, कोणताही विषय

कॉर्नेलची कल्पना त्याने एका साध्या वाक्यात सांगितली. कोणत्याही व्यक्तीला कोणत्याही विषयाचे शिक्षण मिळेल, अशी संस्था त्याला काढायची होती. आज हे वाक्य सोपे वाटते. त्या काळात ते धाडसाचे होते. तेथील जुनी महाविद्यालये बहुतेक कोणत्या ना कोणत्या ख्रिस्ती पंथाची होती. ग्रीक-लॅटिन शिकणे म्हणजेच शिक्षण, शेती आणि यंत्रे ही अडाण्यांची कामे, अशी समजूत होती. या विद्यापीठात मात्र लॅटिन आणि शेतकी, तत्त्वज्ञान आणि यंत्रविद्या यांना एकाच छपराखाली सारखा मान मिळाला.

सनदेत कलम घातले गेले की विश्वस्तांत कोणत्याही एका धर्मपंथाचे बहुमत असू नये आणि कोणत्याही पंथाचा किंवा कोणताच पंथ न मानणारा माणूस सर्व पदांना सारखाच पात्र असावा. राज्याच्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघातून दर वर्षी एका विद्यार्थ्याला फी माफ, हेही ठरले. असे मतदारसंघ १२८ होते. पंथीय मंडळींनी या विद्यापीठावर नास्तिकतेचा शिक्का मारला. कॉर्नेल आणि व्हाइट यांनी शिव्या सोसल्या, पण कलम काढले नाही. ज्याला पंथाने विवाहाच्या कारणावरून बाहेर काढले होते त्याने आपल्या दारात कोणालाही त्याचा पंथ विचारला नाही.

७ ऑक्टोबर १८६८ रोजी विद्यापीठ उघडले. इमारती अर्धवट होत्या, कॉर्नेल आजारी होता, आणि पहिल्या वर्षी ४१२ विद्यार्थी दाखल झाले. गरीब मुलांनी विद्यापीठात काम करून आपला खर्च भागवावा, अशी कॉर्नेलची फार इच्छा होती. अनेक मुले त्या आशेने आली. पण अनुभव वेगळा आला. कारागिरी न येणाऱ्या मुलाला दिवसभर अभ्यास करून पोट भरेल इतके काम करता येईना. ही योजना बहुतांशी फसली. स्वतः चार एकर जंगल तोडून शिकलेल्या माणसाला वाटले होते की जो इच्छील तो करील. परंतु केवळ इच्छेवर शिक्षण होत नाही. गरीब मुलाला शिष्यवृत्ती आणि राहण्याची सोय द्यावीच लागते, हा धडा विद्यापीठाला मिळाला.

एका मुलीची खोली

पालक बंधुभगिनींनो, आता सांगतो ती गोष्ट तुमच्यासाठी विशेष आहे. आपल्या विद्यापीठात मुलांप्रमाणे मुलीही शिकाव्यात, असे कॉर्नेलने १८६७ मध्ये आपल्या लहानग्या नातीला लिहिलेल्या पत्रात म्हटले होते. सनदेत मुलींना मज्जाव नव्हता. १८७० साली जेनी स्पेन्सर या मुलीने राज्याची शिष्यवृत्ती मिळवली आणि ती दाखल झाली. पण टेकडीवर तिला राहायला जागा नव्हती. गावात राहायचे आणि रोज चढ चढून वर जायचे, तेही त्या भागातल्या पावसात आणि बर्फात! थोड्याच काळात तिला शिक्षण सोडावे लागले. दार उघडे होते, फी माफ होती, गुणवत्ताही होती. एक खोली तेवढी नव्हती.

हेन्री सेज या विश्वस्तांनी मग मुलींच्या वसतिगृहासाठी अडीच लाख डॉलर दिले आणि १८७२ मध्ये विश्वस्तांनी मुलींना रीतसर प्रवेश मान्य केला. १८७३ मध्ये एमा शेफील्ड ईस्टमन ही या विद्यापीठाची पहिली पदवीधर स्त्री झाली. त्याच वर्षी वसतिगृहाची कोनशिला बसली आणि तिच्यात कॉर्नेलने एक पत्र बंद करून ठेवले. शतकाहून अधिक काळानंतर ते उघडण्यात आले. शिक्षणाला खरा धोका पंथापंथांतील भांडणांचा आहे, या वास्तूतून ते कायम दूर ठेवावे आणि प्रत्येकाला आपापल्या विवेकानुसार ईश्वराची भक्ती करू द्यावी, असा त्याचा आशय होता.

आपल्याकडे मुलगी हुशार असूनही सातवी-दहावीनंतर घरी बसते, तेव्हा आपण तिच्या नशिबाला किंवा परंपरेला बोल लावतो. पुष्कळदा कारण त्याहून साधे असते. शाळा दूर असते, एसटी वेळेवर नसते, वसतिगृह नसते. अशा वेळी उपदेशापेक्षा एक खोली जास्त उपयोगी पडते.

जमिनीचा हिशेब

आता जमिनीकडे वळू. सरकारने दिलेली जमीन प्रत्यक्षात 'स्क्रिप' म्हणजे एक प्रकारची हुंडी होती. सर्व राज्यांनी ती एकदम विकायला काढल्यामुळे भाव कोसळून एकरी पन्नास-साठ सेंटवर आले. कॉर्नेलने राज्याकडून उरलेले स्क्रिप स्वतः विकत घेतले. त्यातून विस्कॉन्सिन राज्यातील पाइन वृक्षांची सुमारे ५ लाख एकर जमीन निवडली आणि ठरवले की भाव येईपर्यंत विकायची नाही. सारा भरणे, देखरेख, खर्च सगळे त्याच्याकडे, आणि होणारा नफा मात्र विद्यापीठाच्या निधीत. त्याच्या मृत्यूनंतर सेज व इतर विश्वस्तांनी ती जमीन सांभाळली आणि पुढील काही दशकांत तिने विद्यापीठाला सुमारे ५० लाख डॉलर मिळवून दिले. इतर बहुतेक राज्यांनी घाईने विकून जे गमावले ते येथे धीराने कमावले गेले.

या हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'सरकारी' म्हटलेली ही जमीन ओजिब्वे आदी मूळ रहिवाशांची होती. ती करारांच्या नावाखाली, दडपणाने आणि क्षुल्लक मोबदल्यात त्यांच्याकडून काढून घेण्यात आली होती. मॉरिल यांच्या कायद्याने उभ्या राहिलेल्या विद्यापीठांच्या पायात कोणाचे नुकसान पुरलेले आहे, याची चर्चा आता अमेरिकेतही होते. एका समाजाची शाळा दुसऱ्याच्या हिरावलेल्या जमिनीवर उभी राहिली, हे सत्य इतिहास शिकणाऱ्याने झाकून ठेवू नये.

खुद्द कॉर्नेलवर मात्र वेगळाच आरोप झाला. १८७३ मध्ये विधानसभेत कोणी म्हणाले की हा माणूस विद्यापीठाच्या आडून स्वतःची तुंबडी भरतो आहे. त्याने रागावून राजीनामा फेकला नाही. आपल्या सर्व व्यवहारांची चौकशी करा, अशी त्यानेच गव्हर्नरकडे मागणी केली आणि हिशेब पुढे ठेवले. आयोगाने १८७४ मध्ये त्याला निर्दोष ठरवले. दरम्यान इथाकाला रेल्वे यावी म्हणून त्याने घातलेला पैसा बुडाला होता, १८७३ च्या आर्थिक संकटाने उरलेसुरले ओढून नेले होते. ९ डिसेंबर १८७४ रोजी, ६७ व्या वर्षी, तो इथाकात मरण पावला. संपत्तीचा मोठा भाग तोवर संपला होता. त्याचा मुलगा अलोन्झो पुढे १८८० ते १८८२ या काळात न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला.

आपल्यापर्यंत आलेला धागा

मॉरिल यांच्या कायद्याचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंतही पोहोचला आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले ते याच कायद्यान्वये निघालेल्या महाविद्यालयांत, आणि पुढे मेक्सिकोत नामवंत कृषिशास्त्रज्ञ म्हणून गाजले. स्वातंत्र्यानंतर भारतात १९६० मध्ये पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ निघाले, १९६८ मध्ये राहुरीला निघाले, त्यांची घडणही याच धर्तीची. शिक्षण, संशोधन आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत ज्ञान नेणे ही तिन्ही कामे एकत्र असावीत, हा विचार तेथूनच आला.

वाचकहो, कॉर्नेलइतका पैसा आपल्यापैकी कोणाजवळ नाही आणि त्याची गरजही नाही. या चरित्रातून घेण्यासारखे आहे ते लहान माणसालाही परवडणारे आहे. सुताराने छत्तिसाव्या वर्षी ग्रंथालयात जाऊन बसावे. ज्येष्ठाने तरुणाचे बरोबर असेल तर ऐकावे. संस्थेच्या पदाधिकाऱ्याने हिशेब मागण्याआधी पुढे ठेवावा. देणाऱ्याने घेणाऱ्याची जातपात, पंथ विचारू नये. आणि हुशार मुलगी दारात आली तर तिच्यासाठी एक खोली, एक दिवा आणि बसायला एक बाक तयार असावा.

ही स्मरणिका वाचून झाल्यावर घरी जाल तेव्हा आपल्या गल्लीतील अशी एक मुलगी आठवून पाहा. तिची शाळा कुठे अडली आहे, एवढे तिच्या वडिलांना विचारा. आपण काय करू शकतो, हे त्या उत्तरातच सापडेल.